टेस्टोस्टेरोन चिकित्सापूर्व रक्तपरीक्षा

टेस्टोस्टेरोन हे वृषणांत तयार होणारे प्रमुख पुं-हॉर्मोन (पुरुषत्वदर्शक लक्षणे निर्माण करणारा अंतःस्राव) होय. शरीरात त्याची न्यूनता असल्यास ते औषधरूपाने बाहेरून देण्यात येते व या उपचारास टेस्टोस्टेरोन चिकित्सा म्हणतात. ही चिकित्सा सुरू करावी की नाही हे ठरविण्यापूर्वी रक्तातील टेस्टोस्टेरोन, त्याचे वाहक प्रथिन, पोष ग्रंथीची नियंत्रक हॉर्मोने व काही अन्य घटक यांचे मापन करणे आवश्यक असते. या परीक्षांचे हेतू तीन आहेत : न्यूनता खरोखरच आहे याची निश्चिती करणे, तिचे कारण शोधणे आणि चिकित्सेने रुग्णास अपाय होण्याचा संभव आहे किंवा काय हे पाहणे. बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरोनामुळे पोष ग्रंथीचे कार्य दबले जात असल्याने कारण शोधण्याची परीक्षा नंतर घेऊन उपयोग होत नाही; ती चिकित्सेपूर्वीच घ्यावी लागते.

इतिहास : जर्मनीतील गॉटिंगेन येथे आर्नोल्ट बेर्टोल्ट यांनी १८४९ मध्ये कोंबड्यांचे वृषण काढून ते पुन्हा उदरपोकळीत बसविले आणि तुरा, आरवणे व झुंजार वृत्ती ही नराची लक्षणे त्यामुळे टिकून राहतात, असे दाखविले. फ्रान्समधील शरीरक्रियावैज्ञानिक शार्ल एद्वार ब्राउन-सेकार यांनी १८८९ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोचून घेतला व तारुण्य परतल्यासारखे वाटत असल्याचे जाहीर केले. त्या जलीय अर्कात हॉर्मोनाचे प्रमाण नगण्य असल्याने हा अनुभव अपेक्षेतून निर्माण झालेला होता, असे आज मानले जाते. लक्षणांच्या जाणिवेवर विसंबून राहण्यातील धोक्याचे ते आद्य उदाहरण होय. ॲम्स्टरडॅम येथे एर्न्स्ट लाकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३५ मध्ये वळूच्या वृषणांपासून शुद्ध स्फटिकरूप टेस्टोस्टेरोन वेगळे केले. त्याच वर्षी आडोल्फ बूटेनान्ट आणि लेओपोल्ट रूझिचका यांनी स्वतंत्रपणे त्याचे संश्लेषण केले. या दोघांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा रीतीने औषध उपलब्ध झाले, तरी रक्तातील त्याचे अत्यल्प प्रमाण सहज मोजण्याचे साधन बराच काळ नव्हते. रोझालिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी १९५० नंतरच्या दशकात किरणोत्सर्गी प्रतिरक्षामापन पद्धत शोधून काढली आणि नंतर ती स्टेरॉइड हॉर्मोनांनाही लागू करण्यात आली. यॅलो यांना या कार्याबद्दल १९७७ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. त्याच पारितोषिकाचे सहमानकरी रॉझे गीमँ आणि अँड्र्यू शॅली यांनी मेंदूतील हॉर्मोनांवर केलेल्या संशोधनामुळे वृषणांच्या नियंत्रणाची वरची साखळी स्पष्ट झाली.

शरीरक्रियेची पार्श्वभूमी : मेंदूच्या तळाशी असलेल्या अधोथॅलॅमसातून एक मोचक हॉर्मोन ठराविक अंतराने, स्पंदांच्या रूपाने, स्रवते. त्याच्या प्रेरणेने पोष ग्रंथी दोन हॉर्मोने रक्तात सोडते. त्यांपैकी पीतपिंडकारक हॉर्मोन (एलएच) वृषणांतील लायडिख कोशिकांना टेस्टोस्टेरोन तयार करण्यास उद्युक्त करते, तर पुटकोद्दीपक हॉर्मोन (एफएसएच) शुक्राणुनिर्मितीस साहाय्य करते. रक्तातील टेस्टोस्टेरोन वाढले की, अधोथॅलॅमस व पोष ग्रंथी यांचे स्रवण कमी होते आणि ते घटले की, वाढते. या व्यवस्थेस ऋण प्रतिभरण म्हणतात [⟶ पोष ग्रंथि].

निरोगी प्रौढ पुरुषात दररोज सु. ५ ते ७ मिग्रॅ. टेस्टोस्टेरोन तयार होते. रक्तातील टेस्टोस्टेरोनाचा जवळजवळ निम्मा भाग लिंग-हॉर्मोन बंधक ग्लोब्युलीन (एसएचबीजी) या यकृतात तयार होणाऱ्या प्रथिनास घट्ट बांधलेला असतो. उरलेल्यापैकी बहुतेक अल्ब्युमिनास सैलपणे चिकटलेला असतो आणि केवळ १ ते ३ टक्के भाग मुक्त असतो. ऊतकांत शिरून कार्य करण्यास मुक्त भाग तत्काळ व अल्ब्युमीनबद्ध भाग सहज उपलब्ध होतो. काही टेस्टोस्टेरोनाचे डायहायड्रोटेस्टोस्टेरोनात व काहीचे एस्ट्रॅडिओल या स्त्री-हॉर्मोनात रूपांतर होते. अष्ठीला ग्रंथीची वाढ मुख्यतः पहिल्यावर, तर पुरुषांतील हाडांचा भक्कमपणा बऱ्याच अंशी दुसऱ्यावर अवलंबून असतो.

परीक्षा कोणाची करावी : कामेच्छा कमी होणे, पहाटेचे आपोआप होणारे शिश्नोत्थान थांबणे, दाढीमिशा व अंगावरील केस विरळ होणे, वृषण लहान होणे, स्तनवृद्धी, वंध्यत्व, किरकोळ आघाताने हाड मोडणे व कारण न सापडणारा रक्तक्षय या लक्षणांनी न्यूनतेचा संशय बळावतो. मुलाचे वयात येणे लांबले असल्यासही तपास करतात. थकवा, उदासपणा, झोप नीट न लागणे, पोट सुटणे, एकाग्रता न होणे ही लक्षणे मात्र अविशिष्ट आहेत. अपुरी झोप, मानसिक ताण, खिन्नता, मधुमेह, अवटू ग्रंथीची मंदता व मद्यपान यांमुळेही ती उद्भवतात. त्यामुळे केवळ त्यांच्या आधारे चिकित्सा सुरू करणे योग्य नव्हे. लक्षणे नसलेल्या सर्व पुरुषांची सरसकट चाचणी घेण्याचीही शिफारस केली जात नाही. लक्षणे आणि रक्तातील न्यूनता ही दोन्ही एकत्र आढळल्यासच वृषणन्यूनता या विकाराचे निदान करतात.

रक्त घेण्याची वेळ व रीत : टेस्टोस्टेरोनाची रक्तातील पातळी दिवसभर सारखी नसते. झोपेत ती वाढत जाते, पहाटे व सकाळी सर्वाधिक असते आणि दुपारनंतर उतरते. तिशी-चाळिशीतील पुरुषांत दुपारी चारची पातळी सकाळी आठच्या पातळीपेक्षा सु. एक पंचमांश ते एक चतुर्थांश कमी भरते. वाढत्या वयात हा फरक कमी होतो. सकाळी ज्याची पातळी डेसिलिटरमागे ३८० नॅनोग्रॅम आहे, अशा तरुणाचे रक्त सायंकाळी कामावरून परतताना घेतल्यास ती ३०० च्या खाली दिसू शकते व त्याला नसलेला रोग चिकटतो. म्हणून रक्त सकाळी दहाच्या आत घेतात. ही वाढ झोपेशी निगडित असल्याने रात्रपाळी करणाऱ्या कामगाराच्या बाबतीत त्याच्या झोपेची वेळ विचारात घ्यावी लागते.

खाण्यामुळे, विशेषतः साखरेमुळे, पातळी तात्पुरती घटते. यासाठी रक्त उपाशीपोटी घेणे इष्ट असते. ताप, शस्त्रक्रिया, हृदयविकाराचा झटका अशा तीव्र आजारात पातळी बरीच खाली जाते आणि बरे झाल्यावर पूर्ववत होते. अशा काळातील मापनावरून निदान करू नये. एकदा कमी आलेली पातळी दुसऱ्या दिवशीच्या मापनात पुष्कळांमध्ये प्राकृत आढळते. यामुळे पहिला निष्कर्ष कमी आल्यास निराळ्या दिवशी, तितक्याच काळजीने, पुन्हा मापन करणे हा सर्वमान्य नियम आहे.

घेत असलेल्या औषधांची माहिती वैद्यास देणे अगत्याचे असते. अफूजन्य वेदनाशामके व कॉर्टिसोनासारखी स्टेरॉइडे दीर्घकाळ घेतल्यास टेस्टोस्टेरोन घटते. केस व नखे यांसाठी घेतले जाणारे बायोटिन हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत असल्यास काही प्रतिरक्षामापनांत बिघाड आणते : टेस्टोस्टेरोनाचा आकडा खोटाच जास्त, तर पोष ग्रंथीच्या हॉर्मोनांचा खोटाच कमी येऊ शकतो. ते दोन-तीन दिवस आधी थांबवितात. व्यायामशाळेत स्नायू वाढविण्यासाठी उपचयी स्टेरॉइडे घेतलेल्या व ती नुकतीच सोडलेल्या तरुणांत टेस्टोस्टेरोन व पीतपिंडकारक हॉर्मोन ही दोन्ही अतिशय कमी आढळतात. हा पूर्वेतिहास लपविल्यास निदान हमखास चुकते.

मापनपद्धती व एकके : बहुतेक रुग्णालयांत रक्तरसातील एकूण टेस्टोस्टेरोन स्वयंचलित प्रतिरक्षामापनाने मोजतात. पुरुषांतील नेहमीच्या पातळीस ही पद्धत बहुधा पुरेशी असते. परंतु पातळी कमी असताना, म्हणजे अचूकतेची गरज सर्वाधिक असते तेव्हाच, तिच्यातील त्रुटी वाढतात. द्रव वर्णलेखन व द्रव्यमान वर्णपटमापन यांची जोड असलेली पद्धत अधिक विश्वसनीय आहे, मात्र ती महाग असून सर्वत्र उपलब्ध नाही. निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आकडे परस्परांशी जुळावेत यासाठी अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्रे मापनांच्या प्रमाणीकरणाचा कार्यक्रम राबवितात. शक्यतो दोन्ही मापने एकाच प्रयोगशाळेत करून घ्यावीत.

निष्कर्ष दोन एककांत दिले जातात : डेसिलिटरमागे नॅनोग्रॅम आणि लिटरमागे नॅनोमोल. दुसऱ्या एककातील आकड्यास २८.८ ने गुणले असता पहिल्या एककातील आकडा मिळतो. एकक न पाहता आकडा वाचल्यास मोठा घोटाळा होतो. कारण १२ हा आकडा नॅनोमोलमध्ये बहुधा समाधानकारक, तर नॅनोग्रॅममध्ये तीव्र न्यूनतेचा निदर्शक असतो. स्थूल नसलेल्या १९ ते ३९ वर्षे वयाच्या निरोगी पुरुषांच्या प्रमाणीकृत मापनांवरून २०१७ मध्ये २६४ ते ९१६ नॅनोग्रॅम (९.२ ते ३१.८ नॅनोमोल) ही प्राकृत मर्यादा ठरविण्यात आली. अमेरिकेतील मूत्रमार्गवैज्ञानिकांच्या संघटनेने २०१८ मध्ये ३०० नॅनोग्रॅम (सु. १०.४ नॅनोमोल) हा उंबरठा स्वीकारला. यूरोपीय तज्ञांमध्ये ८ नॅनोमोलच्या खाली न्यूनता बहुधा निश्चित व १२ च्या वर ती बहुधा नाही, असे मानण्याचा प्रघात आहे. अशा मर्यादा तज्ञांनी व्यवहारासाठी आखलेल्या असतात. २९५ आणि ३०५ यांमध्ये शरीराच्या दृष्टीने फरक नसतो, याचे भान ठेवावे लागते.

वाहक प्रथिन व मुक्त टेस्टोस्टेरोन : बंधक ग्लोब्युलिनाचे प्रमाण बदलले की, मुक्त भाग प्राकृत असूनही एकूण टेस्टोस्टेरोन कमी किंवा जास्त दिसते. स्थूलता, दुसऱ्या प्रकारचा मधुमेह, अवटू ग्रंथीची मंदता व मूत्रावाटे प्रथिने जाणारे वृक्कविकार यांत हे प्रथिन कमी होते. वार्धक्य, यकृत-सूत्रण रोग, अवटू ग्रंथीची अतिक्रियाशीलता आणि अपस्मारावरील काही औषधे यांमुळे ते वाढते. परिणामी स्थूल मधुमेही व्यक्तीत न्यूनतेचा खोटा आभास होतो, तर यकृतविकारग्रस्त वृद्धात खरी न्यूनता झाकली जाते. एकूण पातळी सीमेवर असेल किंवा वरीलपैकी एखादा विकार असेल, तर ग्लोब्युलीन व अल्ब्युमीन मोजून मुक्त टेस्टोस्टेरोन गणिताने काढतात. समतोल अपोहन ही त्याच्या प्रत्यक्ष मापनाची प्रमाणभूत पद्धत आहे. बाजारात प्रचलित असलेल्या थेट प्रतिरक्षामापनाच्या संचांनी मिळणारा मुक्त टेस्टोस्टेरोनाचा आकडा भरवशाचा नसतो.

कारणाचा शोध : न्यूनता दोन मापनांनी निश्चित झाल्यावर पीतपिंडकारक व पुटकोद्दीपक हॉर्मोने मोजतात. ती वाढलेली असल्यास दोष वृषणांत असतो (प्राथमिक वृषणन्यूनता). पोष ग्रंथी अधिक प्रेरणा देत असूनही वृषण प्रतिसाद देत नाहीत. गालगुंडामुळे झालेला वृषणशोथ, आघात, कर्करोगावरील औषधे किंवा प्रारण आणि क्लाइनफेल्टर लक्षणसमूह ही याची कारणे होत. या लक्षणसमूहात पुरुषाच्या कोशिकांत एक्स हे गुणसूत्र एक अधिक असते. तो सु. ५०० ते १,००० पुरुषांत एकास आढळतो. तथापि बहुतेकांचे निदान आयुष्यभर होत नाही. वृषण लहान व टणक असल्यास गुणसूत्र-परीक्षा करतात.

टेस्टोस्टेरोन कमी असूनही पोष ग्रंथीची हॉर्मोने कमी किंवा केवळ ‘प्राकृत’ असतील, तर दोष वरच्या पातळीवर असतो (दुय्यम वृषणन्यूनता). येथे ‘प्राकृत’ या शब्दाने फसू नये. टेस्टोस्टेरोन घटले असता ही हॉर्मोने वाढावयास हवीत, ती न वाढणे हेच अप्राकृत होय. अशा रुग्णात प्रोलॅक्टिन मोजतात. ते फार वाढलेले असल्यास पोष ग्रंथीच्या अर्बुदाची शक्यता असते. रक्तातील लोह व फेरिटीन यांवरून शरीरातील लोहसंचयाचा अंदाज येतो. लोह साचल्यानेही पोष ग्रंथी निकामी होते आणि वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या थॅलसीमियाच्या रुग्णांत हा धोका विशेष असतो. अवटू व अधिवृक्क ग्रंथींच्या कार्याची तपासणीही करतात. डोकेदुखी, दृष्टिक्षेत्र आकुंचित होणे, प्रोलॅक्टिन सतत वाढलेले असणे किंवा टेस्टोस्टेरोन १५० नॅनोग्रॅमच्याही खाली असणे यांपैकी काही असल्यास पोष ग्रंथीचे चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शन करून घेतात. जन्मतः वास न येणारा व वयात न आलेला मुलगा असल्यास कालमान लक्षणसमूहाचा विचार करतात.

या टप्प्याचे महत्त्व व्यवहारात अनेकदा दुर्लक्षिले जाते. टेस्टोस्टेरोनाचे अंतःक्षेपण (टोचणी) आधीच दिले, तर पोष ग्रंथीची हॉर्मोने सर्वच रुग्णांत खाली येतात आणि मूळ दोष कोठे होता, हे ओळखण्याची खूण पुसली जाते. दरम्यान लक्षणे सुधारल्याने अर्बुदासारखा विकार दृष्टीआड वाढत राहू शकतो. प्रोलॅक्टिन वाढविणाऱ्या अर्बुदावर गोळ्यांचा उपचार सहसा गुणकारी ठरतो व पुष्कळदा रुग्णाचे स्वतःचे टेस्टोस्टेरोन पूर्ववत होते.

प्रजननक्षमता : टेस्टोस्टेरोन घेतल्याने पुरुषाची प्रजननशक्ती वाढते, हा समज चुकीचा असून त्यातून मोठी हानी झालेली आहे. शुक्राणुनिर्मितीसाठी वृषणांच्या आत टेस्टोस्टेरोनाची संहती रक्तातील संहतीच्या अनेक पट असावी लागते. बाहेरून हॉर्मोन दिल्यावर पोष ग्रंथीची प्रेरणा थांबते, वृषणांतील संहती कोसळते व शुक्राणूंची संख्या घटते. हा परिणाम इतका प्रभावी आहे की, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी पुरुषांना दर आठवड्यास २०० मिग्रॅ. टेस्टोस्टेरोन एनँथेट संततिप्रतिबंधक म्हणून देण्यात आले आणि सहा महिन्यांत बहुसंख्यांच्या वीर्यात शुक्राणू उरले नाहीत. औषध थांबविल्यावर शुक्राणू बहुधा परत येतात. परंतु त्यास काही महिने, क्वचित वर्ष-दोन वर्षेही लागतात. दीर्घकाळ मोठ्या मात्रा घेतलेल्यांत पूर्ण सुधारणेची हमी देता येत नाही. नजीकच्या काळात अपत्याची इच्छा असलेल्या पुरुषाची वीर्यपरीक्षा करावी व त्यास टेस्टोस्टेरोन देऊ नये. दोष पोष ग्रंथीच्या पातळीवर असल्यास जननग्रंथिपोषक हॉर्मोनांच्या अंतःक्षेपणांनी टेस्टोस्टेरोन व शुक्राणू ही दोन्ही वाढविता येतात.

सुरक्षिततेसाठी परीक्षा : टेस्टोस्टेरोन अस्थिमज्जेस उत्तेजित करून तांबड्या कोशिका वाढविते. त्यामुळे रक्त घट्ट होऊन गुठळ्या होण्याचा धोका संभवतो. आरंभीच कोशिकांचे घनफळ-प्रमाण (हिमॅटोक्रिट) ४८ टक्क्यांहून अधिक असल्यास चिकित्सा सुरू करीत नाहीत आणि चिकित्सेत ते ५४ टक्क्यांवर गेल्यास ती थांबवितात. चाळिशीनंतरच्या पुरुषांत अष्ठीला-विशिष्ट प्रतिजन (पीएसए) मोजतात. ते मिलिलिटरमागे ४ नॅनोग्रॅमहून अधिक असल्यास आधी मूत्रमार्गतज्ञाचा सल्ला घेतात. अष्ठीला अथवा स्तन यांचा कर्करोग, झोपेतील तीव्र श्वासरोधाचा अनुपचारित विकार, अनियंत्रित हृद्‌निष्फलता आणि मागील सहा महिन्यांत आलेला हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका ही चिकित्सा टाळण्याची कारणे होत.

हृदयावरील परिणामांविषयी दीर्घकाळ वाद होता. हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका असलेल्या, ४५ ते ८० वर्षे वयाच्या सु. ५,२०० पुरुषांवरील ट्रॅव्हर्स या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृद्‌विकारजन्य मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण टेस्टोस्टेरोन लेप वापरणाऱ्यांत निष्क्रिय लेप वापरणाऱ्यांपेक्षा अधिक नव्हते. मात्र अलिंदांचे अनियमित स्पंदन, फुप्फुसांतील अंतर्कीलन (गुठळी अडकणे), वृक्कांची तीव्र इजा व अस्थिभंग यांचे प्रमाण काहीसे अधिक आढळले. या चाचणीत लक्षणे असलेल्या व दोन वेळा सकाळी उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात टेस्टोस्टेरोन ३०० नॅनोग्रॅमच्या खाली असलेल्या पुरुषांनाच प्रवेश होता. त्यामुळे तिने दिलेला दिलासा रक्तपरीक्षेवाचून औषध घेणाऱ्यांना लागू होत नाही.

वार्धक्य व स्थूलता : तिशी-चाळिशीनंतर टेस्टोस्टेरोनाची पातळी दरवर्षी सरासरीने सु. एक टक्का घटते. या घटीचा बराचसा भाग वाढते वजन व जुनाट आजार यांमुळे असतो. स्थूल पुरुषाने वजन लक्षणीय कमी केल्यास औषधावाचून पातळी वाढते. अमेरिकेत एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या औषधांचा खप फार वाढला. ती सुरू केलेल्यांपैकी सु. एक चतुर्थांश पुरुषांची आधी रक्तपरीक्षाच झालेली नव्हती, असे आढळून आले. तेथील अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये, केवळ वयोमानाने घटलेल्या पातळीसाठी ही औषधे मान्यताप्राप्त नाहीत, असे वेष्टनपत्रकात नमूद करण्यास सांगितले. भारतात पुं-हॉर्मोने व उपचयी स्टेरॉइडे वैद्याच्या लेखी निर्देशावाचून विकण्यास मनाई आहे. तथापि व्यायामशाळांतून ती सर्रास हाती पडतात.

स्त्रियांतील परीक्षा : ऋतुनिवृत्तीनंतर कामेच्छा घटून त्रास होणाऱ्या काही स्त्रियांना अल्प मात्रेत टेस्टोस्टेरोन देतात. स्त्रियांत न्यूनता ठरविणारा रक्तातील आकडा नाही. येथे चिकित्सेपूर्वीचे मापन पातळी आधीच जास्त नाही, हे पाहण्यासाठी असते.

चिकित्सेनंतरची परीक्षा : चिकित्सा सुरू केल्यावर तीन ते सहा महिन्यांनी व पुढे दरवर्षी टेस्टोस्टेरोन आणि घनफळ-प्रमाण मोजतात, प्रतिजनाचे मापनही ठराविक अंतराने करतात. पातळी प्राकृत मर्यादेच्या मध्यावर राखणे हे उद्दिष्ट असते. लेप वापरणाऱ्या रुग्णाच्या ज्या दंडावर तो लावला असेल, त्या हातातून रक्त घेतल्यास आकडा खोटाच जास्त येऊ शकतो. पातळी प्राकृत होऊनही लक्षणांत काहीच फरक न पडल्यास ती लक्षणे न्यूनतेमुळे नव्हती, असे समजून चिकित्सा बंद करतात व अन्य कारणांचा शोध घेतात.

खऱ्या न्यूनतेत ही चिकित्सा निःसंशय उपकारक आहे. क्लाइनफेल्टर लक्षणसमूह किंवा पोष ग्रंथीचा नाश झालेल्या रुग्णास तीमुळे कामजीवन, स्नायुबल व अस्थींचा टिकाऊपणा लाभतो आणि ती बहुधा आयुष्यभर चालू ठेवावी लागते. इतक्या दीर्घ उपचाराचा निर्णय सकाळच्या दोन रक्तनमुन्यांवर आणि लक्षणांच्या काळजीपूर्वक विचारावर आधारलेला असणे हेच रुग्णाच्या हिताचे असते.